आधी खराटा, मग कीर्तन

नोव्हेंबर महिना लागला की धर्मग्रामातील तरुणांना गरिबांची आठवण होते. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली जागतिक गरीब दिनाची घोषणा केली, १९ नोव्हेंबर २०१७ रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला आणि तेव्हापासून ख्रिस्तराजाच्या सणाआधीचा रविवार त्यासाठी राखलेला आहे. साहजिकच त्या सुमारास युवा संघटनेचे पदाधिकारी आमच्या कार्यालयात येतात. कुणाला बेघरांच्या जीवनावर पथनाट्य बसवायचे असते, कुणाला छायाचित्रांचे प्रदर्शन मांडायचे असते. चित्रकला स्पर्धेचा विषय ठरून गेलेला असतो. आमच्याकडून फक्त परवानगी आणि बक्षिसांचा खर्च हवा असतो.

परवानगी आम्ही देतो. पण अलीकडे तिच्यासोबत एक अट घालतो. ज्यांच्याविषयी नाटक लिहायचे, ज्यांचे चित्र काढायचे, त्यांच्यापैकी निदान एका माणसाचे नाव, गाव आणि रोजचा कामधंदा ठाऊक झाल्याखेरीज पेन्सिल हाती धरायची नाही. त्यासाठी सहा महिने जावे-यावे लागले तर सहा महिने थांबायचे. प्रदर्शन नोव्हेंबरऐवजी मे महिन्यात भरले तरी काही बिघडत नाही. गरीब मे महिन्यातही असतात.

ही अट मुलांना जाचक वाटते. ‘फादर, आम्हांला प्रदर्शन भरवायचं आहे, समाजकार्याची पदवी घ्यायची नाही,’ असे एका तरुणाने आम्हांला तोंडावर सांगितले. त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. कलावंताने आधी समाजसेवक व्हावे असा नियम कोणी केला? या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सेमिनरीत आम्ही दयाकृत्यांची यादी पाठ केली, चर्चच्या आचार्यांची प्रवचने अभ्यासली. संत जॉन ख्रिसोस्टोम यांनी वेदीवरील रेशमी वस्त्रे आणि दाराबाहेर थंडीत कुडकुडणारा ख्रिस्त यांची सांगड घालून केलेला उपदेश तर परीक्षेला हमखास येई. परंतु आमच्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर त्या ग्रंथांत नव्हे, तर आमच्याच मातीत, शाळेची पायरी न चढलेल्या एका माणसाने देऊन ठेवले आहे. गाडगेबाबा एखाद्या गावी जात तेव्हा प्रथम हाती खराटा घेऊन गाव झाडत. दिवसभर गटारे उपसणे, रस्ते साफ करणे, आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, हसवीत, त्यांच्या भाबडेपणाला आणि उधळपट्टीला चिमटे काढीत. महाराष्ट्रात कीर्तनकार पुष्कळ झाले, त्यांचा आवाज गोड होता, पाठांतर मोठे होते. पण सकाळी ज्या गल्लीतील घाण या माणसाने आपल्या हाताने उचलली, त्याच गल्लीतील माणसे रात्री त्याच्यासमोर बसलेली असत. त्याचा शब्द त्यांना का लागे, हे वेगळे सांगायला नको.

आणि त्या कीर्तनांतून उभे काय राहिले? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही अशा यात्रेकरूंसाठी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्या होत्या. टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या कर्करुग्णांची सोय करणारी दादरची धर्मशाळा आजही त्यांच्या नावाने चालते. डोक्यावर मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्या घेऊन हिंडणारा हा माणूस २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच वारला. इतरांसाठी एवढी छपरे उभी करणाऱ्याने स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही. आमच्या युवकांनी कला आणि सेवा यांचा संबंध शोधायला फार दूर जाऊ नये, असे आम्हांस वाटते. क्रम मात्र ध्यानी घ्यावा. आधी खराटा, मग कीर्तन.

आता ज्यांच्याकडे जायचे ती माणसे कोण, हे पाहिले पाहिजे, कारण याबाबत आपल्या समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. सुखवस्तू माणसाच्या मनात बेघर म्हणजे भिकारी, व्यसनी किंवा वेडा असे समीकरण पक्के झालेले असते. जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कोणत्याही घरात राहत नाहीत, म्हणजे जे पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या नळांत, रेल्वेच्या फलाटावर किंवा प्रार्थनास्थळांच्या उघड्या आवारात झोपतात ते बेघर. (प्रार्थनास्थळांचा उल्लेख सरकारला करावा लागला, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनी विचार करण्याजोगी आहे.) २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणकांनी फिरून त्यांची मोजणी केली, तेव्हा देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे आढळली. एका रात्रीत, अंधारात केलेली ही मोजदाद अपुरीच असणार, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात आणि आम्हांलाही ते पटते.

यांतील बहुसंख्य माणसे काम करतात. आमच्या स्थानकाबाहेरच्या उड्डाणपुलाखाली बारा-चौदा कुटुंबे राहतात. पुरुष पहाटे मजूर नाक्यावर उभे राहतात. बोलावणे आले तर स्लॅब टाकायला किंवा खड्डे खणायला जातात, नाही आले तर दहा वाजता परत येतात. बायका गजरे करतात, भंगार व प्लास्टिक वेचतात, लग्नाच्या हंगामात केटररकडे भांडी घासतात. आमच्या वसईच्या वाड्यांतून दादरच्या बाजारात जाणारा मोगरा त्यांच्याच हातांनी ओवला जाऊन पुन्हा आमच्या स्थानकावर विकायला येतो. पवित्र मिस्साला येणाऱ्या कितीतरी भगिनींच्या अंबाड्यावरील गजरा पुलाखाली तयार झालेला असतो. आपण त्यांच्याकडून घेतो आणि त्याची आपल्याला कल्पनाही नसते.

कायद्याने त्यांना काय दिले, हेही तरुणांना सांगावे लागते, कारण शाळेत कुणी शिकवत नाही. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून आपापल्या मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व काही पदपथवासी न्यायालयात गेले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उपजीविकेचा हक्क हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मोठा निकाल! पण त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही ठेवली. पुढे २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे निदान एक निवारा असावा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा असावा, असे बजावले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते. मुंबईतील निवाऱ्यांची संख्या या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही.

आणखी एक कायदा आहे, आणि तो कलेविषयीच बोलतो, म्हणून त्याची विशेष दखल घेणे भाग आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात ‘भीक मागणे’ म्हणजे काय याची व्याख्या दिलेली आहे. सार्वजनिक ठिकाणी दान मागणे वा स्वीकारणे तर भीक आहेच; पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे यांच्या निमित्ताने पैसे घेणे, हेही त्या व्याख्येत बसते. अशा माणसाला वॉरंटाशिवाय पकडता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची प्रमुख कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात कायदा अजून आहे.

ही व्याख्या आम्ही युवा मेळाव्यात वाचून दाखवली तेव्हा सभागृहात थोडी चुळबुळ झाली. कारण डिसेंबर महिन्यात हीच मुले गिटार आणि ढोलक घेऊन घरोघरी नाताळगीते गात फिरतात, पुढे एकाच्या हातात कुलूप लावलेला डबा असतो आणि लोक त्यात नोटा टाकतात. आपण गायलो तर ती सेवा आणि लोकलच्या डब्यात दोन खापऱ्यांची टिपरी वाजवून एखादे पोर गायले तर तो अपराध! दोघांच्या गाण्यांतील फरक सुरांचा नाही. फरक असलाच तर तो एवढाच की एकाला रात्री परतायला घर आहे. कला ही सुखवस्तूंची मिरास आणि गरीब हा तिचा केवळ विषय, अशी विभागणी आपण नकळत करून बसलो आहोत. ती कायद्यात उतरली, कारण ती आधी आपल्या मनात होती.

या विभागणीला छेद देणारे एक चित्र त्या मेळाव्यात आम्ही पडद्यावर दाखवले. इटलीतील नेपल्स शहरात १६०२ साली सात तरुण सरदारपुत्रांनी एकत्र येऊन एक मंडळ काढले. दर शुक्रवारी असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात जायचे आणि त्यांची सेवा करायची, असा त्यांचा नेम होता. या कामातून ‘पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया’ ही संस्था उभी राहिली. आपल्या प्रार्थनामंदिरासाठी चित्र हवे, असे त्यांना वाटले, पण ते नंतर. काही वर्षांची शुक्रवारची सेवा आधी आणि चित्र मागाहून! चित्रकारही कसा मिळाला पाहा. काराव्हाज्जो मे १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाचा खून करून पळालेला होता. घर नाही, गाव नाही, डोक्यावर शिक्षेची टांगती तलवार. अशा परागंदा माणसाकडे त्यांनी काम सोपवले, चारशे डुकाट मोबदला दिला आणि १६०७ च्या आरंभी चित्र पूर्ण झाले.

सात दयाकृत्यांसाठी सात चौकटी आखता आल्या असत्या. काराव्हाज्जोने तसे केले नाही. त्याने नेपल्समधील एक अरुंद, अंधारी गल्ली घेतली आणि सगळे तीत कोंबले. एक स्त्री तुरुंगाच्या गजांतून म्हाताऱ्या कैद्याला स्तनपान करवीत आहे. तिच्या मागे मशालीच्या उजेडात कुणाचे तरी प्रेत नेले जात आहे आणि आपल्याला त्याचे फक्त पाय दिसतात. एक तरुण आपला झगा कापून जमिनीवर पडलेल्या उघड्या माणसाला देतो. टोपीला शिंपला लावलेल्या यात्रेकरूला खाणावळीचा मालक आत जाण्यासाठी बोट दाखवतो. वर पवित्र मरिया आणि बाळ येशू, पण तेही ढगांत विराजमान नाहीत. खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांसारखे खाली वाकून पाहत आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीने हे चित्र पाहून विचारले, ‘फादर, यात गरीब कोण आणि मदत करणारे कोण, हे पटकन कळत का नाही?’ तिने नेमके मर्म पकडले, असे आम्हांस वाटले. गर्दीच्या गल्लीत ते पटकन कळतच नाही. संस्थेने पुढे हे चित्र कितीही किंमत आली तरी विकायचे नाही असे ठरवले, आणि आज चारशे वर्षे उलटून गेल्यावरही ते त्याच वेदीवर आहे. संस्थेचे दानधर्माचे कामही चालूच आहे.

आमच्या युवकांनी शुक्रवारऐवजी शनिवार निवडला, कारण रविवारी सकाळी झोपता येते. (अर्थात पहिल्या मिस्सेला नव्हे, हे त्यांना बजावावे लागले.) रात्री नऊच्या सुमारास पाच-सहा जण पुलाखाली जातात. पहिले दोन महिने कुणी फारसे बोलले नाही. पुलाखालच्या लोकांना येणारे-जाणारे दाते ठाऊक असतात. बिस्किटे वाटतात, फोटो काढतात आणि पुन्हा दिसत नाहीत. आम्ही मुलांना बिस्किटे न्यायची बंदी केली होती, मोबाइल खिशाबाहेर काढायलाही बंदी होती. त्यामुळे ही मुले नक्की कशासाठी येतात, हेच त्या लोकांना उमगेना. शेवटी लहान मुलांनी कोंडी फोडली. कुणीतरी रंगीत खडू नेले होते. पुलाच्या खांबावर हाताला पोचेल तिथवर चित्रे उमटली आणि मग मोठी माणसेही जवळ आली.

चित्रकलेचे शिक्षण घेणारी आमची एक मुलगी गजरे करणाऱ्या एका मावशींकडे नियमाने बसू लागली. चार-पाच महिन्यांनी तिने त्यांचे एक रेखाचित्र काढले. ताडपत्रीखाली, मुटकुळे करून झोपलेल्या मावशी, उशाला गाठोडे. चित्र सुरेख होते. स्पर्धेत पहिले आले असते. मावशींनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘पोरी, मी दिवसाचे चौदा तास जागी असते. ते सोडून नेमकी झोपलेली बरी दिसले तुला!’ मुलगी ओशाळली. पुढच्या शनिवारी तिने दुसरे चित्र काढले. त्यात मावशींच्या बोटांत दोरा, पुढ्यात परडी, नजर कामावर. ते मावशींना पसंत पडले. मात्र त्यांनी एक मागणी केली. खाली माझे नाव लिही. मुलीने नाव विचारले, आडनाव विचारले, अक्षरे नीट लिहिली. मावशींना वाचता येत नव्हते. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि सहज म्हणाल्या, की आपले नाव लिहिलेला हा एकच कागद आता आपल्यापाशी आहे. शिधापत्रिका गावी दिरांकडे राहिली. दुसरी कागदपत्रे गाठोड्यात होती. एका पहाटे गाडी आली आणि पदपथ साफ करताना गाठोडेही घेऊन गेली.

येथून त्या शनिवारांना वेगळे वळण लागले. मुलांनी चौकशी केली. निवडणूक आयोगाच्या नियमांनुसार बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. नमुना क्रमांक ६ चा अर्ज भरून आपण जेथे झोपतो ती जागा त्यात लिहायची. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तेथे येऊन तो माणूस खरोखर तेथे झोपतो की नाही, याची खात्री करायची. निवासाचा अन्य पुरावा लागत नाही. नियम असा सोपा आहे. परंतु तो त्या कार्यालयातल्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही, आणि असला तरी रात्री बारा वाजता पुलाखाली येण्याची त्याला हौस नसते. आमच्या मुलांनी सात खेपा घातल्या. नियमाची प्रत स्वच्छ अक्षरात, मोठ्या फलकावर लिहून नेली. चित्रकलेचे शिक्षण येथेही उपयोगी पडले! मावशींचे नाव यादीत आले. पुलाखालच्या आणखी काही जणांचे आले, काहींचे अर्ज फेटाळले गेले. कागद पुन्हा गाडीत जाऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रती आता चर्चच्या कार्यालयातील एका कपाटात, प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात ठेवल्या आहेत. शाळेत न जाणाऱ्या तीन मुलांच्या प्रवेशासाठी मुले मुख्याध्यापकांना भेटली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितले. दोघांना प्रवेश मिळाला. तिसऱ्याचे कुटुंब तोवर दुसरीकडे निघून गेले होते.

ज्या तरुणाने आम्हांला प्रदर्शन आणि पदवी यांतील फरक सुनावला होता, तो आता पथनाट्य लिहितो आहे. त्याच्या पहिल्या खर्ड्यात एक दारुडा बाप, एक रडणारी आई आणि शेवटी सर्वांना उपदेश करणारा एक सद्गृहस्थ होता. दुसऱ्या खर्ड्यात एक कचेरी आहे आणि रात्री बारा वाजता पुलाखाली यायला तयार नसलेला एक कारकून आहे. नाटक आता विनोदी झाले आहे. पुलाखालच्या दोन बायका त्यात स्वतः काम करणार आहेत आणि संवाद सुधारून देत आहेत. अशा कामाचा आपल्याकडे पूर्वीचा दाखला आहेच. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटात मीरा नायर यांनी रस्त्यावरच्या मुलांनाच शिकवून उभे केले आणि त्या कमाईतून ‘सलाम बालक ट्रस्ट’ सुरू झाला. त्याच्या पुष्कळ आधी, १९६२ साली, मुंबईत येशूसंघीय धर्मगुरूंनी फलाटावरच्या मुलांसाठी ‘स्नेहसदन’ काढले होते. त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता, घर मात्र होते. दोन्ही वाटा आम्हांस मान्य आहेत.

मोबाइलविषयी आम्ही एवढे कडक का, असे पालकही विचारतात. त्यांना आम्ही रोममधील एक घटना सांगतो. २६ मार्च २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सुमारे दीडशे बेघरांना व्हॅटिकनच्या संग्रहालयात आणि सिस्टाइन चॅपलमध्ये नेण्याची व्यवस्था केली. मिकेलांजेलोने रंगवलेल्या छताखाली ते स्वतः त्यांना भेटायला आले. त्या भेटीची छायाचित्रे घेऊ नयेत, अशी त्यांची इच्छा होती. जगातील सर्वांत अधिक छायाचित्रे निघणारा माणूस हे सांगतो, तेव्हा त्याला काही अर्थ असतो. त्या दिवशी बेघर माणूस चित्राचा विषय नव्हता, चित्र पाहणारा रसिक होता.

लाजऱ्याबुजऱ्या मुलांची आम्हांला अधिक काळजी वाटते. पुलाखाली जाऊन गप्पा मारणे सगळ्यांना जमत नाही. अशांना आम्ही एडी बेथ्यून या मुलीची हकीकत सांगतो. बेल्जियममध्ये जन्मलेली ही मुलगी न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकत होती. डोरोथी डे यांनी १ मे १९३३ रोजी ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र सुरू केले, आणि त्याला जोडून बेरोजगार व बेघरांसाठी आतिथ्यगृह चालवले. वृत्तपत्रातील चित्रे या मुलीला फिकी वाटली. तिने स्वतःची चित्रे पाठवून दिली आणि मग एके दिवशी भीतभीत कार्यालयात गेली. डोरोथीबाईंना वाटले, ही आसरा मागायला आली आहे. त्या म्हणाल्या, जागा शिल्लक नाही. असे तेथे सांगतात. चित्रे काढणारी ती हीच, हे उलगडल्यावर दोघींची जी सोबत जमली ती कायमची. बेथ्यूनने दयाकृत्यांची चित्रे काढली, ती साध्या कामगारांच्या वेशातील माणसांची. त्या पत्राचे शीर्षचित्र तिने १९३५ साली नव्याने रेखाटले, ५० वर्षांनी पुन्हा सुधारून दिले. ती मुलगी बोलकी नव्हती, तिचा हात बोलका होता. तेव्हा ज्याचे अक्षर चांगले आहे त्याने अर्ज भरावेत, ज्याला वाद्य येते त्याने पुलाखालच्या मुलांना शिकवावे, आणि ज्याला काहीच येत नाही त्याने शनिवारी हजेरीपट ठेवावा. हजेरीपट ठेवणारा आम्हांला अजून मिळालेला नाही.

पालकांच्या काही शंका मात्र खऱ्या आहेत. रात्रीची वेळ, मुली बरोबर, दारू पिऊन येणारे कुणी ना कुणी असतेच. म्हणून दोन प्रौढ सदस्य दर वेळी सोबत असतात. अकराच्या आत सर्वांनी घरी पोचलेच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुले फक्त दिवसा येतात. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कुणाकडून काही घ्यायचे नाही. मावशींनी दिलेल्या गजऱ्याचा तेवढा अपवाद. आजारी माणूस दिसला तर त्याला रुग्णालयात नेऊन केसपेपर निघेपर्यंत थांबायचे. अभ्यास बुडतो, ही तक्रार आम्ही मान्य करीत नाही. क्रिकेटच्या सामन्यांत जेवढा बुडतो त्यापेक्षा हा कमीच बुडतो.

हे सारे एका मागणीपाशी येऊन ठेपले आहे. रेखाचित्रांचे छोटे प्रदर्शन गेल्या मे महिन्यात चर्चच्या सभागृहात भरले. मावशी आणि पुलाखालची इतर मंडळी पाहायला आली. त्यांतल्या एका वयस्कर काकांनी छताकडे पाहिले, पंखे मोजले आणि आमच्या एका मुलाला विचारले, ‘दादा, रात्री इथं कोण असतं?’ रात्री तेथे कोणी नसते. सभागृहाला कुलूप असते. मुलांनी त्यावरून पॅरिश कौन्सिलकडे लेखी अर्ज केला की, जून ते सप्टेंबर या काळात पुलाखालच्या कुटुंबांना रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत सभागृह उघडे करावे. देखरेखीची पाळी युवा संघटना घेईल आणि सकाळी झाडलोटही तीच करील. सोबत पाळ्यांचा तक्ता जोडलेला आहे.

कौन्सिलच्या दोन बैठका झाल्या. लग्नाच्या तारखांचे काय, पाण्याचे आणि शौचालयाचे काय, शेजारी तक्रार करतील त्याचे काय, एकदा आलेले लोक ऑक्टोबरात परत जातील का, असे प्रश्न निघाले. प्रश्न विचारणारी माणसे कठोर नाहीत. त्यांपैकी दोघांनी मुलांच्या खडू-कागदांचा खर्च गुपचूप उचलला आहे. आम्ही आमचे मत बैठकीत सांगितले आहे. सभागृह उघडावे, लग्नाच्या तारखा वगळाव्यात, आणि महानगरपालिकेकडे कायम निवाऱ्याची मागणी त्याच दिवशी लेखी नोंदवावी, म्हणजे चर्चचे दार उघडले म्हणून सरकारचे दार बंद राहायला नको. तिसरी बैठक उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्या बैठकीला मावशींना बोलवावे, असे मुलांनी सुचवले आहे आणि आम्ही त्यांचे नाव निमंत्रितांच्या यादीत घातले आहे.